आबांची विडी

"किती वर्षं ओढताय?" डॉक्टरने विचारलं, तेव्हा जयवंत परब मान खाली घालून खरं काय ते सांगायच्या बेतात होता. पण डॉक्टर त्याच्याकडे बघतच नव्हता. तो बघत होता मालनकडे, जयवंतच्या बायकोकडे.

मालनने उभ्या जन्मात विडीला हात लावला नव्हता. तिला जिना चढताना धाप लागायची, झोपेत छातीत शिट्टी वाजायची, म्हणून लेकीने, श्रुतिकाने, दोघांना मुलुंडच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. तिथे मालनला एका नळीत जीव खाऊन फुंकायला लावलं, मशीनमधून कागद बाहेर आला, आणि कागद बघून डॉक्टरने तो प्रश्न टाकला.

"मी नाय हो," मालन म्हणाली. "हे ओढतात. मी फक्त श्वास घेते."

परतीच्या रिक्षात ती एक अक्षर बोलली नाही. आता मालन ओरडत असेल तर परबांच्या घरात सगळं ठीक आहे असं समजावं. कुकरच्या शिट्टीवर तिचा आवाज चढला की जयवंतला उलट बरं वाटायचं. ती गप्प झाली की मात्र वाट लागली. भांडुपला टेंभीपाड्यात त्यांच्या बिल्डिंगच्या सातव्या माळ्यावर पोचल्यावर तिने चपला काढल्या, स्टूल घेतलं, पोटमाळ्यावरची प्रवासाची बॅग खाली उतरवली आणि कपाटाजवळ ठेवली.

"एक महिना," ती म्हणाली. "महिन्यात विडी सुटली तर ही बॅग वर जाईल. नाही सुटली तर ही बॅग आणि मी, दोघी कुडाळला भावाकडे. कायमच्या. तिथे हवा तरी फुकटची आणि स्वच्छ आहे."

"अगं, पण..."

"एकदा ओढलीत तरी मोडली. एक झुरकासुद्धा. मग मला थांबवायला येऊ नका."

जयवंत बॅगेकडे बघत राहिला. छत्तीस वर्षांचा संसार, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं ही बाई स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्याखाली अंथरूण टाकून झोपत होती. कारण काय, तर नवऱ्याची पहाटे चारची विडी.

त्या चारच्या विडीलाही इतिहास होता. जयवंत पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला. म्हणजे रस्त्यातल्या झाकणाखाली लांबलचक लोखंडी चावी घालायची, गरागरा फिरवायची आणि अख्ख्या वस्तीला पाणी सोडायचं. पस्तीस वर्षं तो पहाटे चारला उठला, अंथरुणातच एक विडी ओढली, चावीला टेकून दुसरी आणि मग पाणी सोडलं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, चावी दुसऱ्याच्या हातात गेली, पण विडी काही रिटायर झाली नाही. चार वाजले की डोळे टक्क उघडायचे, उशीखालची काडेपेटी हाताला लागायची आणि अंथरुणातच धूर सुरू.

श्रुतिका मुलुंडला एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट. तिने बापासाठी पट्ट्यांचा खोका आणला. "बाबा, ही निकोटिनची पट्टी. रोज सकाळी आंघोळ झाली की दंडावर नाहीतर खांद्यावर लावायची. थोडं थोडं निकोटिन अंगात जातं, म्हणजे विडीची तलफ मारत नाही. रात्री झोपताना काढून टाकायची. कळलं?"

"कळलं गं. कंबरेला लावतो तसलाच प्लास्टर ना?"

"प्लास्टर नाही, औषध आहे."

"तेच ते."

इथेच खरी गोम होती. पण ती पुढे येईल.

पहिले तीन दिवस जयवंतने दात-ओठ खाऊन काढले. दिवस एकवेळ जायचा, रात्र जाईना. अकराला आडवं व्हावं तर बारापर्यंत छताचा पंखा मोजत बसायचं. डुलकी लागली की अर्ध्या तासात जाग. पाय शिवशिवतात, जीभ कोरडी, अंगात नुसती तगमग. हाताला विडी नाही म्हणून मग चहा. दिवसाला तीन कप पिणारा माणूस नवावर गेला, त्यातला शेवटचा रात्री दहाला. मालन स्वयंपाकघरातून ऐकायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "अहो, तुम्ही कूस बदलता की कबड्डी खेळता?"

पाचव्या पहाटे आबा आले.

आबा म्हणजे जयवंतचा बाप, दादू परब. गिरणीत मागावर काम करणारा साचेवाला, जाऊन एकोणीस वर्षं झालेली. जयवंतला आयुष्यात स्वप्नं कधी पडलीच नव्हती, किंवा पडली तरी पाणी सोडायच्या घाईत विसरलेली. हे मात्र डोळ्यांनी बघावं तसं स्वच्छ. आबांच्या खाकी अर्ध्या चड्डीची गुंडी तुटलेली, केसात कापसाचे तंतू, खांद्यावर पंचा. खाटेच्या कडेला येऊन बसले आणि म्हणाले, "झिला, एक विडी दी रे."

जयवंत घामाघूम होऊन उठला. त्या दिवशी तो कुणाला काही बोलला नाही. सहाव्या पहाटे आबा परत. सातव्या पहाटे तर आबांनी आवाज चढवला, "मेल्या, बापाशीक एक विडी दिऊक तुझो जीव जाता?" आठव्या पहाटे ते विडी मागत मागत जयवंतच्या मागे सात माळे चढले, आणि वर आल्यावर म्हणाले, लिफ्ट बंद आहे हे आधी सांगायचं नाही का.

शेवटी न राहवून त्याने खाली कट्ट्यावर सांगितलं. परबांची बिल्डिंग म्हणजे अर्धं कुडाळ आणि अर्धं कणकवली. स्वप्नातला बाप हा विषय तिथे कसा पिकेल ते सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला कट्ट्यावर माणसं जमायला लागली. "जयवंता, आज काय म्हणाले?" कुणी म्हणे, म्हाळवसाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, पितरांच्या पानावर विडी ठेवली नसेल. कुणी म्हणे, माझ्या आजीने तर स्वप्नात येऊन नथ मागितली होती, घातली तेव्हा गेली. एक कार्टं तर वहीच घेऊन आलं. रात्र रात्र धड झोप न लागलेला जयवंत, लाल डोळे करून, पण खरं सांगायचं तर जरा मजेत, रोजचा अहवाल द्यायचा. कारण झोप गेली होती तरी बाप मिळत होता, आणि हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

मालनला मात्र यात मजा दिसेना. मामंजी वर्षानुवर्षं गुपचूप होते आणि नेमके आता, विडी सोडल्यावर, विडीच मागायला कसे आले? एका मनाने तिला वाटे, हा नवऱ्याचा डाव. दुसऱ्या मनाने भीती वाटे. कोकणातली बाई ती. पितर उपाशी राहिला तर घरातल्या माणसाला झोप लागू देत नाही, हे तिने आईच्या मांडीवर ऐकलेलं. शेवटी तिनेच दहिसरला फोन लावला आणि धाकूकाकांना बोलावलं.

धाकूकाका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, वय ब्याऐंशी. देवापितरांपुढे गाऱ्हाणं घालण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मुंबईत नाही असं त्यांचं स्वतःचं मत होतं. रविवारी सकाळी नऊला ते पांढराशुभ्र लेंगा आणि टोपी घालून हजर झाले. जयवंतला समोर बसवून सगळी स्वप्नं ऐकली, डोळे मिटले, उघडले आणि निकाल दिला.

"दादूभाऊ उपाशी असा. त्याका विडी ठेवूक व्हयी."

"ठेवू की," मालन म्हणाली. "खाली टपरीवर बंडल मिळतो. केळीच्या पानावर ठेवते."

"नुसती ठेवन चलाची नाय, सुने. पेटवन ठेवूक व्हयी. गार विडीन पितराचा काय होता?"

आणि इथे गाडी अडली. कारण विडी उदबत्ती नव्हे. काडी लावली आणि बाजूला धरली तर ती विझते. कुणीतरी तोंडात धरून झुरका ओढल्याशिवाय ती पेटत नाही. आणि हा मान कुणाचा?

"थोरल्या झिलाचो," धाकूकाका थोरल्या मुलाकडे, जयवंतकडे बोट दाखवत म्हणाले. "दुसऱ्या कोणी पेटयली तर दादूक पोचाची नाय."

जयवंतने कपाटाजवळच्या बॅगेकडे बघितलं. आज तेविसावा दिवस होता. तेवीस दिवस तो मेल्यासारखा जगला होता, नऊ नऊ कप चहा पिऊन, पंखे मोजून. आता हातात आबांच्या भुकेचं निमित्त घेऊन विडी आपण होऊन तोंडापर्यंत चालत आली होती. तोंडाला पाणी सुटलं ते सुटलंच, खोटं कशाला बोला. पण एक झुरका म्हणजे बॅग. हे मालननेच सांगितलेलं.

"काका, दुसरं काही नाही का चालणार?" त्याने विचारलं.

"बापाशीक उपाशी ठेवतलंस?"

ओट्यापुढे केळीचं पान मांडलं. त्यावर भात, वाटाण्याची उसळ, एक वडा, पाण्याचा तांब्या आणि कडेला विड्यांचा नवा बंडल, लाल दोऱ्याने बांधलेला. श्रुतिका सुट्टी म्हणून घरी होती, दाराशी हाताची घडी घालून उभी. शेजारचे चार जण उंबऱ्यात. धाकूकाकांनी हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज परबांच्या घराक जो काय तरास झालो हा, झिलाच्या डोळ्याक डोळो लागणा नाय..."

"व्हय म्हाराजा!" उंबऱ्यातून गजर.

"...जो कोण पितर उपाशी असात, रुसलो असात, त्याचो मान त्याका पोचव..."

"व्हय म्हाराजा!"

"...आणि ह्या घराक सुखाची झोप दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हा जयवंता. घे."

जयवंतने बंडल हातात घेतला. दोरा सोडला. वास आला. तो वास नुसता विडीचा नव्हता. लालबागच्या खोलीत दुसरी पाळी करून मध्यरात्री आलेला बाप खिडकीत बसून जो धूर सोडायचा, त्या धुराचा तो वास होता. तो सहा वर्षांचा असताना त्या वासावर त्याला गाढ झोप लागायची, कारण तो वास आला म्हणजे आबा घरी आले. त्याने विडी ओठांपर्यंत नेली आणि तिथेच हात थांबला. पुढे जाईना, मागे येईना.

मालन उठली. त्याच्या हातातून तिने विडी काढून घेतली.

"आणा इकडे. तुमची मोडायला नको," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं मी तुमची फुकट ओढली. मामंजींसाठी एक स्वतःची ओढते."

"गो सुने, तुझो मान नाय तो!" धाकूकाका ओरडले.

"डॉक्टरकडचा छातीचा कागद माझ्या नावाचा आहे, काका. मान पण माझाच."

गॅस पेटवून तिने विडी ज्योतीला लावली, तोंडात धरली आणि दम घेतला. विडी लालबुंद पेटली. पण मालनचं काही खरं नव्हतं. पहिल्याच धुराला तिला जो ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतून पाणी, छातीतून शिट्टी, एक हात ओट्यावर. श्रुतिका धावली. "आई!"

जयवंतने पेटलेली विडी मालनच्या बोटांतून घेतली. उंबऱ्यातल्यांना वाटलं, आता हा ओढणार. धाकूकाकांनाही तेच वाटलं. त्यांनी समाधानाने मान हलवली. आणि जयवंतने ती सरळ पानाशेजारच्या तांब्यात बुडवली. चुर्रर्र झालं.

"आबा!" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चांगलाच चढला होता. "तुमका काय व्हया तां मागा. वडे मागा, कोंबडीची सागोती मागा, गावच्या जत्रेक येतंय, नारळ फोडतंय. पण विडी ह्या घरात मिळाची नाय. माझ्या बायलेक श्वास घेऊक व्हयो!"

धाकूकाकांचं तोंड उघडं ते उघडंच. मग उंबऱ्यातून एक बारीक आवाज आला, बहुतेक वहीवाल्या कार्ट्याचा: "व्हय म्हाराजा."

आणि मालन, ठसका आवरत, पदराने डोळे पुसत, एकदम हसायला लागली. ती हसली तसे सगळे हसले. शेवटी धाकूकाकाही टोपी सारखी करत म्हणाले, "झाला ता बरा झाला. पण दादू गप बसाचो नाय हां. मी सांगान ठेवतंय." आणि वडे संपेपर्यंत तेही बसले.

खरी गंमत जेवणानंतर झाली. जयवंत म्हणाला, अंगाला नुसती खाज सुटलीये, जरा खोबरेल लाव. त्याने गंजी काढली, मालन तेलाची वाटी घेऊन मागे बसली आणि तिच्या हातातली वाटी पडता पडता राहिली.

"श्रुतिका! इकडे ये गं! बघ तुझ्या बापाच्या पाठीवर काय भरवलंय!"

दोन्ही खांद्यांच्या मागे मिळून पट्ट्या होत्या चार. एक आजची. एक कालची. उरलेल्या दोन, कडा सुटत आलेल्या, परवाची आणि तेरवाची.

"बाबा," श्रुतिका म्हणाली, आणि तिचा आवाज आईवर गेला होता, "मी काय सांगितलं होतं? रात्री काढायची म्हणून?"

"चिकटलेली आहे तोवर औषध आहे ना त्यात," जयवंत म्हणाला. "फुकट कशाला घालवायचं? कंबरेचा प्लास्टर मी आठवडा आठवडा ठेवतो."

श्रुतिकाने कपाळावर हात मारून घेतला. "अहो बाबा, रात्रभर निकोटिन चालू! आधीच विडी सोडली की झोप उडते, त्यात ही पट्टी रात्री अंगावर राहिली की अशी डोळ्यांपुढे उभी राहिल्यासारखी स्वप्नं पडतात. आणि तुम्ही चार चार! उलट्या करून चक्कर येऊन पडला नाहीत हे नशीब. आणि चहा किती?"

"नऊ," मालनने चुगली केली.

"विडी सुटली की चहा अंगात जास्त वेळ राहतो. दुपारनंतर एक थेंब नाही." तिने एक एक पट्टी ओढून काढायला सुरुवात केली. पाठीवरचे चार केसही गेले. जयवंत प्रत्येक पट्टीला "आई गं" म्हणत होता आणि मालन प्रत्येक "आई गं"ला हसत होती.

"मग आबा?" पट्ट्या निघाल्यावर जयवंतने विचारलं. "आबा पट्टीत होते?"

"विडी सोडणाऱ्याला विडीचीच स्वप्नं पडतात, बाबा. मागणारे तुम्हीच होतात. तुम्हाला मागायची लाज वाटली, म्हणून आजोबांना पुढे केलंत."

यावर त्याने गंजी उचलली आणि उलटीच अंगात घातली.

त्या रात्री तो पावणेअकराला आडवा झाला, अंगावर पट्टी नाही, पोटात चहा नाही. लगेच झोप लागली असं नाही. तासभर कुशी बदलून झाल्या, चारला डोळेही उघडले. पण आबा आले नाहीत. दोन रात्रींनी चारचे पाच झाले, आठवड्याने साडेपाच. कट्ट्यावरची मंडळी हिरमुसली. धाकूकाकांचा फोन आला, "बघ, गाऱ्हाणा लागला का नाय?" श्रुतिका म्हणाली, पट्टी काढली म्हणून. मालन म्हणाली, दोन्ही. तिला कुणाशीच भांडायचं नव्हतं.

महिना भरला त्या सकाळी तिने स्टूल घेतलं. जयवंत चहाचा कप हातात धरून बघत राहिला, घोट घ्यायचं विसरून. तिने बॅग उचलली, झटकली आणि वर पोटमाळ्यावर ठेवून दिली. मग भावाला फोन लावला, "नाय रे येत. आलो तर दोघं येऊ." आणि रात्री ओट्याखालचं अंथरूण उचलून तिने बाहेरच्या खोलीत, खाटेच्या शेजारी टाकलं. नऊ वर्षांनी. जयवंतने खाट भिंतीला सरकवली, आपली गादी खाली ओढली आणि तिच्या बाजूला अंथरली. त्याला इतका आनंद झाला होता की काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्याने पंखा एकवर केला.

जयवंतला एकच सल राहिली होती. बाप एकोणीस वर्षांनी भेटला आणि आपण त्याला घरातून हाकललं, तेही चारचौघांत ओरडून. पट्ट्या हळूहळू छोट्या झाल्या, मग संपल्या. एकदा तर त्याने रिकामा खोका उलटा करून बघितला, एखादी राहिली असेल तर रात्री लावावी म्हणून. राहिली नव्हती.

आणि मग तिसऱ्या महिन्यात, कुठल्याही पट्टीशिवाय, एका पहाटे आबा आले. जयवंत जागा झाला तेव्हा सव्वासात वाजले होते. आयुष्यात पहिल्यांदा ऊन त्याच्याआधी घरात आलं होतं. बाजूला मालन नुकतीच डोळे उघडत होती. तिच्या छातीतली शिट्टी बंद होती की बारीक झाली होती, हे त्याने कान देऊन ऐकलं. बारीक झाली होती. बरीच.

"हसताय काय सकाळी सकाळी?" तिने विचारलं.

"आबा आले होते."

मालन ताडकन उठून बसली. "परत? आता काय मागितलं?"

"काही नाही. इथे उशाशी बसले. पंचाने वारा घालत होते. चांगले कपडे होते अंगावर, गुंडी लावलेली. मग मोठ्याने म्हणाले, झिला, झोपलंस काय रे?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं," जयवंत म्हणाला, "आबा, हळू बोला. ती आत्ता कुठे झोपली आहे."